पेढे कोणाचे होते

टौरंगा, न्यूझीलंड
२ सप्टेंबर २००७

सरलाताई,

आधी ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. हा तिसरा कागद, म्हणून नुसतं नावच ठेवते. पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेलच. तरीही ते उघडलं असेल तर पुढचं वाचा.

अकरा वर्षं झाली आपण बोललो नाही त्याला. मधल्या काळात आम्ही इकडे आलो, हरीश, मी आणि इरावती. तिला तुम्ही पाळण्यात पाहिली होती, ती आता तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तुमची खबर अधूनमधून आपल्या प्रयोगशाळेतल्या अनुराधाकडून कळते. मागच्या महिन्यात तिनं ई-मेलमध्ये लिहिलं की सरलाताई नोव्हेंबरअखेर निवृत्त होतायत, त्याच टेबलावरून. ‘त्याच टेबलावरून’ हे शब्द तिनं मुद्दाम घातले असणार, अनुराधाला मी ओळखते. चिमटा काढल्याशिवाय तिला बातमी सांगता येत नाही.

तुमच्या निवृत्तीचं निमित्त करून लिहिते आहे असं भासवणार होते. पण नुसत्या शुभेच्छा द्यायला मी रविवारची एवढे कागद घेऊन बसले नसते, हे तुम्ही ओळखालच. माझ्या बाबतीत इथे एक गोष्ट घडली आहे आणि ती कळेल असं दुसरं माणूस मला आठवेना.

इथे किवीफळं निवडून खोक्यांत भरतात त्या पॅकहाउसमध्ये मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. आपलंच जुनं काम. फळ कापायचं, रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि साखरेचा आकडा लिहायचा. ‘दिसेल तो आकडा लिही, हवा तो नको’ हे तुमचं वाक्य मी इंग्रजीत करून इथे किती जणांना ऐकवलंय. आमची क्वालिटी मॅनेजर जूनमध्ये नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेली. तेव्हापासून तिचं सगळं काम मीच पाहत होते, ‘अ‍ॅक्टिंग’ म्हणून. पाच सीझन झालेत माझे इथे. आता ही जागा सुनीतीचीच, असं लॅबमधल्या बायका तोंडावर म्हणायच्या.

आमच्या साइट मॅनेजरचं नाव ग्रेग. इथे साहेबालाही नावानंच हाक मारतात, मला ती सवय व्हायला वर्ष लागलं. ऑगस्टच्या मध्यावर मी धीर करून त्याला पार्किंगमध्ये गाठलं आणि विचारलं, त्या जागेचं काय ठरलं? तो गाडीची किल्ली बोटावर फिरवत हसला आणि म्हणाला, “यू विल बी स्वीट, सुनी.”

आता तुम्हीच सांगा, पुण्यात साहेबानं असलं काही म्हटलं तर आपण काय समजलो असतो?

मी तेच समजले. लगेच रविवारी हरीशला ऑकलंडला पिटाळलं. तीन तास जायला, तीन तास यायला. तिथे सँडरिंगहॅममध्ये आपल्या लोकांची मिठाईची दुकानं आहेत, तिथून केशरी पेढ्यांचे दोन मोठे डबे आणले. हरीश म्हणत होता की हातात पत्र पडू दे, मग आणू. मी म्हटलं, तुला साहेबांची भाषा कळत नाही.

शुक्रवारी, चोवीस तारखेला, दहाच्या चहाला ग्रेग सगळ्यांसमोर नाव सांगणार होता. मी आठलाच पोचले. माझं मनगट दुखावलेलं होतं म्हणून गाडीतून डबे आत न्यायला काइलनं मदत केली. काइल म्हणजे आमच्या शीतगृहाकडचा माणूस, चौतिशीचा, एका मुलीचा बाप. त्यानं विचारलं, हे काय गं? मी म्हटलं, मिठाई आहे, कशासाठी ते दहाला कळेल.  डबे टेबलावर ठेवून गेला.

दहाला ग्रेगनं नाव सांगितलं. काइलचं.

काइल आणि ग्रेग एकाच रग्बी क्लबातले. ग्रेगच्या मुलाला काइल रग्बी शिकवतो आणि शनिवारी दोघं ग्रेगच्या बोटीतून मासेमारीला जातात. साखर कशी मोजायची ते काइलला मी शिकवलं, मागच्याच वर्षी. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा ग्रेगनं डब्यातला एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, “गुड ऑन यू, सुनी. काइलसाठी एवढं केलंस, छान केलंस.” मग काय, सगळेच डब्यावर तुटून पडले. माझ्या बढतीचे पेढे माझ्यासमोर काइलच्या बढतीचे म्हणून संपले. मी काय केलं? हसले. दोन जणींनी रेसिपी विचारली, तीही सांगितली.

ताई, आपल्यात जे झालं ते जुनं झालं. विभागप्रमुखाची जागा तुमची होती असं तुम्हाला वाटत होतं, ती मला मिळाली आणि तुम्ही बोलणं सोडलंत. पण ते सगळं संचालक म्हणून बाळासाहेबांनी केलं, माझ्या हातात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांनी हे तुम्हालाही पटलं असेल. बाळासाहेबही आता नाहीत. आज माझ्यावर तीच वेळ आली आहे, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

तुमची,
सुनीती

टौरंगा
२३ सप्टेंबर २००७

सरलाताई,

पत्र पोचलं असेल असं धरून चालते. उत्तराची घाई नाही.

घरी गणपती होता. वल्लरी आणि तिचा नवरा आले होते, दोघं इथे शिकायला आले आणि इथलेच झाले. आरतीनंतर मी मोदक वाढत असताना वल्लरी म्हणाली, सुनीतीताई, तुम्ही गप्प का बसलात, तक्रार करा ना. या देशात नोकरीत अन्याय झाला तर नव्वद दिवसांत लेखी तक्रार करता येते म्हणे. नव्वदावा दिवस बावीस नोव्हेंबरला येतो. हरीश म्हणाला की त्याच लोकांत रोज जायचंय, कशाला वाकड्यात शिरतेस? त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. भांडण दिसलं की तो चहा करायला उठतो.

इरावतीनं तर कमालच केली. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, स्वीट जस्ट मीन्स यू विल बी ओके. इट डझन्ट मीन यू गॉट द जॉब.” इथे म्हणे काहीही झालं तरी ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणतात. दुकानदार सुटे परत देतो तेव्हाही म्हणतो. म्हणजे ज्या दोन शब्दांवर मी नवऱ्याला सहा तास गाडी चालवायला लावली, त्यांचा अर्थ ‘बघू, होईल ठीक’ एवढाच. फळातली साखर मोजण्यात माझा जन्म गेला आणि माणसाच्या तोंडची मोजता आली नाही. मी हसले, पण रागही आला. अर्थ काहीही असो, ग्रेगच्या हसण्यात मला आश्वासन दिसलं होतं आणि तीन महिने तो माझ्याकडून मॅनेजरचं काम करून घेत होता. जागेची जाहिरात नाही, मुलाखत नाही. बोटीवर बसून नाव ठरवलं.

म्हणून मी तक्रार केली. गावात मोफत सल्ला देणारं केंद्र आहे, तिथल्या बाईंनी कागद नीट करून दिला. त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली. जागा तुम्हाला मिळणार असं तुम्हाला भासवलं होतं, याला पुरावा काय? मी म्हटलं, पेढे. त्या बाईंना आधी कळेना. मग मी समजावलं की आमच्याकडे माणूस पेढे उगाच आणत नाही. ज्याचं चांगलं झालं तो आणतो. दुसऱ्याच्या बढतीचे पेढे आपण वाटत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

परवा ग्रेगचं लेखी उत्तर आलं, ते असं. जागेबद्दल मी सुनीला कधीही काही म्हटलेलं नाही. उलट काइलच्या निवडीचा तिला इतका आनंद झाला की तिनं स्वतःहून मिठाई आणली, सगळ्यांनी ती खाल्ली. ती आता असं का म्हणते ते समजत नाही.

ते वाचून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू. नाही म्हणायचं तर म्हण, पण माझे पेढे माझ्यावरच उलटवायचे? जी एकच गोष्ट माझ्या बाजूनं बोलत होती तीच काढून घ्यायची? असं करणाऱ्या माणसाला रात्री झोप तरी कशी

इथे काल थांबले होते. आज पुढे लिहिणार होते, पण सुचत नाही. आहे तसंच टाकते.

सुनीती

टौरंगा
२१ ऑक्टोबर २००७

सरलाताई,

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. दोनच वाक्यं. ‘तुझ्या पत्रात तुझ्या पेढ्यांविषयी पुष्कळ आहे. माझ्या पेढ्यांविषयी एक ओळही नाही.’ खाली सहीसुद्धा नाही. तुमचं ते सरळ, टाइप केल्यासारखं अक्षर.

कार्ड हरीशनं टपालपेटीतून आणलं आणि वाचून माझ्या हातात दिलं. त्यानं विचारलं, कोणते पेढे? पंधरा वर्षांचा संसार झाला आणि त्याला मी हे कधी सांगितलं नव्हतं. आधी त्याला सांगितलं, आता तुम्हाला लिहिते. तुम्हाला यातलं सगळं माहीतच आहे. पण ते माझ्या हातून लिहिलं गेलं पाहिजे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सप्टेंबर १९९६. आपल्या प्रयोगशाळेत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. तुमची नोकरी अकरा वर्षांची, माझी चार. मला थेंब कसा ठेवायचा इथपासून सगळं तुम्ही शिकवलेलं. गुरुवारी संध्याकाळी बाळासाहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “सरलाताई, उद्या सगळ्यांचं तोंड गोड करा.” ऑर्डर अजून निघायची होती. पण संचालकांनी असं म्हटल्यावर कोण ऑर्डरची वाट पाहतं? शुक्रवारी तुम्ही पेढ्यांचा डबा घेऊन आलात आणि माझ्या कपाटात ठेवलात, कारण तुमच्या कपाटात रसायनं होती. ठेवताना मला म्हणालात, अकरापर्यंत हात लावू नकोस हं.

अकराला ऑर्डर आली ती माझ्या नावाची.

तुम्ही तोंड धुवायला म्हणून बाहेर गेलात. तेवढ्यात शिपाई कृष्णानं माझ्या कपाटातला डबा पाहिला. बढती सुनीताईंची, डबा सुनीताईंच्या कपाटात, म्हणजे पेढे त्यांचेच. त्यानं डबा उघडला आणि टेबलाटेबलावर वाटायला सुरुवात केली. त्याची काही चूक नव्हती. तुम्ही दारात आलात तेव्हा तो तुमच्यासमोरही डबा धरून उभा राहिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी समोरच्या नोंदवहीत पाहत राहिले. मी मात्र त्या पेढ्यांना हात लावला नाही, एवढंच.

पुढे तुम्ही तक्रार केलीत. चौकशी समिती बसली, तिघांची. तुमचं म्हणणं होतं की संचालकांनी आदल्या दिवशी जागा तुम्हाला दिल्याचं सांगितलं आणि रात्रीतून कोणाच्या तरी सांगण्यावरून नाव बदललं. बाळासाहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. केबिनमध्ये तिसरं माणूस नव्हतं. तुमच्याकडे पुरावा एकच होता. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, “ऑर्डर निघण्याआधी पेढे कोणी आणले होते?”

मी म्हटलं, “मी.”

त्यांनी विचारलं की ऑर्डर निघण्याआधी तुम्ही कसे आणलेत? मी म्हटलं, माझ्या मुलीचा वाढदिवस होता. इरावतीचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. कोणी तपासलं नाही. तुमची तक्रार निराधार ठरली आणि तुमच्या गोपनीय अहवालात शेरा आला. पुढच्या दोन्ही वेळांना त्या शेऱ्यानंच तुमची बढती अडवली, हे मला अनुराधाकडून कळत होतं. तेव्हा मी स्वतःला समजावलं की मी खरं सांगितलं असतं तरी बाळासाहेबांनी हवं तेच केलं असतं. खरंही असेल ते. पण तुमची एकमेव गोष्ट मी काढून घेतली. ग्रेगचं उत्तर वाचून मी ज्या वाक्यावर थांबले होते, ते वाक्य मी माझ्याविषयीच लिहीत होते हे मला तिथेच कळलं होतं. म्हणून पुढे लिहिता आलं नाही. तरी पत्र टाकलं, तुम्हाला ते कळणार नाही अशी आशा करत.

हरीशनं सगळं ऐकलं. या वेळी तो चहा करायला उठला नाही. म्हणाला, त्या विभागप्रमुखपदाच्या अनुभवाच्या दाखल्यावर आपल्याला इथे राहायचा परवाना मिळाला, माहीत आहे ना? माहीत आहे. या घराच्या पायाशी तुमची जागा आहे.

माझ्या तक्रारीवरची मीटिंग सात नोव्हेंबरला ठरली आहे. तिथे मी काय तोंडानं बसू ते मला कळत नाही. तक्रार मागे घ्यावी असंही वाटतं. मग वाटतं, माझ्या बाबतीत खोटं चालू दिलं तर तुमच्या बाबतीतलं थोडंच खरं होणार आहे?

सुनीती

टौरंगा
११ नोव्हेंबर २००७

सरलाताई,

दिवाळी इथे उन्हाळ्याच्या तोंडावर येते. पणत्या लावायच्या तर नऊ वाजेपर्यंत अंधाराची वाट पाहावी लागते. फराळ या वर्षी केला नाही.

बुधवारी मीटिंग झाली. एका बाजूला ग्रेग आणि मुख्य कचेरीतून आलेली ट्रेसी नावाची बाई, दुसऱ्या बाजूला मी आणि सल्ला केंद्रातल्या त्या बाई. ट्रेसी बोलायला सभ्य होती, सारखी पाणी हवं का विचारायची. ग्रेगनं तेच सांगितलं, मी कधी शब्द दिला नव्हता, मिठाई काइलसाठी होती. मी सांगितलं की माझ्यासाठी होती. ट्रेसीनं दोघांकडे पाहिलं. शब्दाला शब्द. मी तर समितीच्या त्या खोलीतच जाऊन बसले होते, फक्त या वेळी तुमच्या खुर्चीवर.

मग ट्रेसी म्हणाली, काइलला बोलावू या. त्याच्याचसाठी होती म्हणता तर त्याला माहीत असेल.

मला वाटलं, संपलं. काइलचं सगळंच ग्रेगच्या हातात. बढती त्याच्यामुळे, शनिवारची बोट त्याची. मी त्याच्या जागी असताना काय केलं होतं ते मला पाठ होतं. काइल गमबूट बाहेर काढून मोज्यांवरच आत आला आणि दाराशीच उभा राहिला. ट्रेसीनं विचारलं, सुनीनं ती मिठाई तुझ्यासाठी आणली होती का?

तो म्हणाला, “येऽ, नाऽ.”

ताई, ही इथल्या लोकांची बोलण्याची एक तऱ्हा आहे. आधी हो म्हणतात, मग नाही, आणि धरायचं ते शेवटचं. पाच वर्षं मी या ‘येऽ नाऽ’वर हसत आले. त्या दिवशी ‘येऽ’ आणि ‘नाऽ’च्या मध्ये माझा श्वास अडकला होता.

त्यानं सगळं त्याच्या तोंडानं सांगितलं, ते असं. सकाळी आठला डबे मी उचलून आत आणले. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं जागा तिला मिळणार, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण मला माहीत होतं, कारण ग्रेगनं मला गुरुवारीच फोन केला होता. ग्रेग म्हणाला, “काम ऑन, मेट.” काइल त्याच्याकडे न पाहता म्हणाला, “तिचा डबा होता, ग्रेग. मी स्वतः उचलला होता.”

एवढंच. दोन मिनिटं लागली असतील. मग तो गमबूट घालून कामावर गेला.

निकाल काय झाला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मुद्द्याचं राहिलं. जागेची रीतसर जाहिरात निघणार आहे, मुलाखत दुसऱ्या शाखेचे लोक घेतील. काइलही अर्ज करणार आणि मीही. त्याला मिळाली तर मिळू दे, माणूस हुशार आहे आणि मीच शिकवलाय. ग्रेग माझ्याशी कामापुरतं बोलतो. काइलला काल बोटीवर बोलावणं नव्हतं.

शुक्रवारी मी त्याला विचारलं, तू असं का केलंस? तो टोपी खालीवर करू लागला. म्हणाला, “पार्किंगमध्येच सांगायला हवं होतं तुला. डबा हातात होता आणि मी गप्प राहिलो. अडीच महिने ते मनात घोळत होतं.” अडीच महिने. मी त्याला सांगितलं की एका माणसाला अकरा वर्षं लागली. कोणाला, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अजून एक राहिलं आहे. ते मी हरीशलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. बाळासाहेबांनी रात्रीतून नाव का बदललं, याचं उत्तर समितीला मिळालं नाही. ते माझे ऑफिसातले ‘सर’ आणि घरातले ‘काका’ होते, माझ्या वडिलांचे, आप्पांचे, शाळेपासूनचे मित्र, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मला काहीच माहीत नव्हतं असं मी तुम्हाला, अनुराधाला आणि पहिल्या पत्रातसुद्धा सांगत आले. त्या गुरुवारी तुम्ही केबिनमधून बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा पाहून मला कळलं होतं की जागा तुम्हाला मिळाली. मी घरी गेले आणि जेवताना म्हणाले, “आप्पा, काकांकडे माझ्यासाठी एक शब्द टाका ना.” आप्पा हात धुऊन फोनपाशी गेले. मी भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या कपाटात डबा ठेवलात, त्या वेळी मला काइलसारखंच माहीत होतं. म्हणून जे घडलं ते बाळासाहेबांनी केलेलं नाही, ताई. त्याची सुरुवात माझ्या ताटापासून झाली.

मला तुमच्याकडून क्षमा नको आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. हवी आहे. फार हवी आहे. मात्र ती मागायचा हक्क मला नाही, हेही कळतं. म्हणून जे करता येण्यासारखं होतं ते केलं आहे.

सोबत एक कागद जोडला आहे. मूळ प्रत काल रजिस्टर पोस्टानं आपल्या संस्थेच्या आत्ताच्या संचालकांकडे गेली, इथल्या नोटरीसमोर सही केलेली. अनुराधाशी फोनवर बोलले. ती म्हणते की निवृत्तीआधी शेरा रद्द झाला तर मागच्या तारखेपासून विभागप्रमुखपद मानलं जाऊ शकतं. नक्की होईलच असं ती म्हणाली नाही आणि मीही म्हणत नाही. वीस दिवस उरले आहेत. आप्पांना मी फोन करून सांगितलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्रास झाला, ते रागावले. शेवटी म्हणाले, माझंही नाव घाल. घातलं आहे.

कागदावरचा मजकूर इथेही लिहिते, कारण तो तुम्हाला माझ्या अक्षरात मिळावा असं वाटतं.

‘मी, सुनीती हरीश देवस्थळी, लिहून देते की सप्टेंबर १९९६ मधील त्या शुक्रवारी ऑर्डर निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत आलेले पेढे श्रीमती सरला नगरकर यांनी, स्वतःची बढती झाल्याचे संचालकांकडून समजल्यावरून आणले होते. पेढे मी आणल्याचे व ते माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे असल्याचे मी चौकशी समितीस सांगितले, ते खोटे होते. आदल्या रात्री माझ्या विनंतीवरून माझ्या वडिलांनी संचालकांना फोन केला होता. हे मी कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. यामुळे माझ्या अनुभवाच्या दाखल्याबाबत काही प्रश्न निर्माण झाल्यास त्याची जबाबदारी माझी आहे.’

दिसला तो आकडा लिहिला आहे, ताई. उशिरा लिहिला.

तीस तारखेला तुम्ही शेवटचं टेबल आवराल तेव्हा काय वाटायचं ते तुम्ही ठरवा. पेढे आणलेत तर या वेळी डबा दुसऱ्याच्या कपाटात ठेवू नका.

सुनीती

ता. क. मागच्या पत्रात लिहिलं होतं की त्या दिवशी मी तुमच्या पेढ्यांना हात लावला नाही. खाल्ले होते. दोन.